आत्यासाठी एक बऱ्यापैकी भांडं

अस्थिकलश विकत घ्यायला निघालेल्या माणसाने चेहरा कसा ठेवावा, याचं मार्गदर्शन कुठेही मिळत नाही. फार रडवेला ठेवला तर दुकानदार सगळ्यात महागाची वस्तू पुढे करतो. फार हसरा ठेवला तर बायको कोपर मारते. मी शेवटी बँकेत केवायसीच्या रांगेत जो चेहरा ठेवतो तोच ठेवला, आणि तो बहुतेक ठिकाणी चालून गेला.

कलश माझ्या आत्यासाठी हवा होता. गोदूआत्या, म्हणजे कुमारी गोदावरी आठल्ये, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, पितृपक्ष लागता लागता गेली. वय शहाऐंशी. लग्न केलं नव्हतं, कारण बघायला आलेल्यांपैकी एकाच्याही चपला तिला पसंत पडल्या नाहीत, असं ती स्वतः सांगायची. माझे आई-बाबा नोकरीला, त्यामुळे मला वाढवलं तिनेच. तिला कुरूप वस्तू सोसत नसे. बाजारात वांगी घेताना ती एकेक वांगं उजेडात धरून बघायची आणि भाजीवालीने कुरकुर केली की म्हणायची, "खायच्या आधी दोन तास ते माझ्यासमोर टोपलीत बसणार आहे." वाकडं लावलेलं कॅलेंडर दिसलं तर लोकांच्या घरातही ती उठून सरळ करत असे. लोक म्हणजे तिच्या दृष्टीने तिचे माजी विद्यार्थीच, आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी तिने मला खूण करून जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी मौलिक सांगणार.

"हे बघ देवदत्त," ती म्हणाली, "मला त्या काळ्या मडक्यात ठेवू नको. प्लॅस्टिकच्या बरणीत तर मुळीच नको. एखादं बऱ्यापैकी भांडं बघ. सुंदर असू दे."

मी "हो" म्हटलं.

"आणि फार खर्च करू नको हां. मला कळेल."

मी पुन्हा "हो" म्हटलं. मग तिने पंखा जरा हळू करायला सांगितला, आणि त्यानंतर ती काही बोलली नाही. जाणाऱ्या माणसाला हो म्हणायला काहीच कष्ट पडत नाहीत. सुंदर आणि स्वस्त या दोन अटी एकाच वस्तूने पुऱ्या करायच्या म्हणजे काय, हे मला दुसऱ्या दिवसापासून समजायला लागलं.

सुरुवातच शब्द मोडून झाली. स्मशानातून अस्थी घ्यायला गेलो, तेव्हा तिथल्या माणसाने काळं मडकं पुढे केलं. मी म्हटलं, मडकं नको, आम्ही भांडं आणणार आहोत. तो म्हणाला, "आणलंय?" मी म्हटलं, अजून नाही. तो म्हणाला, "मग आता ओंजळीतून नेणार काय?" मी आत्याची मनोमन माफी मागितली, 'सध्यापुरतं' असा शब्द तीनदा उच्चारला आणि मडकं घेतलं.

आमच्याकडे अस्थी घराच्या आत आणत नाहीत. विसर्जनापर्यंत बाहेर झाडाला टांगून ठेवतात. त्याप्रमाणे मडक्याच्या तोंडाला पांढरा कपडा बांधून ते अंगणातल्या रातांब्याला टांगलं. येताजाता ते दिसायचं, आणि दिसलं की वाटायचं, आत्या वरून मडक्याकडे बघते आहे आणि मग माझ्याकडे बघते आहे.

भेटायला लोक येत होते. 'गेल्या बाई,' असं म्हणून ते खुर्चीत बसायचे, आणि मी लगेच त्यांना भांड्याची अडचण सांगायचो. त्यातून सांत्वन बाजूला राहायचं आणि सल्ले सुरू व्हायचे. एक जण म्हणाले, कोल्हापूरला जा. दुसरे म्हणाले, कोल्हापूरला मुळीच जाऊ नका, फसवतात. एका बाईंनी तर घरून येताना पितळी लाडवांचा डबाच आणला होता. तो सुंदर होता, फुकट होता, पण त्याला अजून बेसनाचा वास येत होता.

"घरातलंच एखादं भांडं घेऊ या का?" मी सुमेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारलं.

तिने फडताळ उघडून दाखवलं. आमच्या घरातलं एकही भांडं आमच्या नावाचं नाही. कुणाकुणाच्या लग्नामुंजीत, वास्तुशांतीत मिळालेली ती भांडी, आणि प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. सगळ्यात चांगल्या तांब्यावर आमच्या एका दूरच्या आणि आत्याला अत्यंत नावडत्या काकांचं नाव होतं.

"यांच्या नावात आत्यांना घालायचं?" सुमेधाने विचारलं. मी फडताळ बंद केलं.

मग मी मोबाइलवर शोधलं. तिथे कलश इतके होते की माणसाने मरायला आतुर व्हावं. त्यातला एक, तांब्याचा, कमळाच्या पाकळ्यांचा, मला फार आवडला. किंमत तर इतकी वाजवी की आत्याने पाठ थोपटली असती. मागवला. आला तो माझ्या मधुमेहाच्या गोळ्यांच्या बाटलीएवढा होता. चित्रात शेजारी काहीच ठेवलेलं नसल्यामुळे मला अंदाज आला नव्हता. परत पाठवायला गेलो तर कारण विचारलं. तिथे 'रंग वेगळा निघाला', 'आता गरज उरली नाही' आणि 'आकार बसत नाही' एवढेच पर्याय होते. मी तिसरा निवडला. लगेच त्यांच्याकडच्या एका मुलीचा फोन आला आणि तिने अतिशय गोड आवाजात विचारलं, "सर, साइज कोणासाठी हवा होता? त्यांना एकदा ट्राय करून बघितलंत का?" मी फोन सुमेधाकडे दिला. त्या दिवसापासून मोबाइल उघडला की मला रोज नवे कलश दिसतात, आणि त्याखाली पायपुसणी.

आता मी ज्या घटनेकडे येतो आहे तिला कारण एक माकड आहे. रत्नागिरीत ज्याचं घर आहे त्याला माकडांबद्दल काही सांगायला नको. एका सकाळी मी दात घासत अंगणात आलो तर रातांब्यावर एक मोठं माकड मडक्याशेजारी बसून कपड्याची गाठ सोडत होतं. इतकं मन लावून मी माझ्या शाळेत एकाही विद्यार्थ्याला काम करताना पाहिलेलं नाही. मी तोंडातला फेस न पुसता ओरडलो. माकडाने माझ्याकडे बघितलं, मडक्याकडे बघितलं, आणि गाठीचं राहिलेलं एक टोक ओढून मगच ते गेलं. कपडा खाली पडला. मडकं वाचलं, पण ते नशिबाने.

ओरडा ऐकून शेजारचे मयेकर आले. हरिश्चंद्र मयेकर आयुष्यभर बोटीवर होते, इंजिनाच्या खोलीत. पंप, झडपा, पाइप, आणि बाहेरचं पाणी आत येऊ न देणं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला काम नाही, त्यामुळे आमच्या आळीतला एकही नळ गळत नाही. आत्याने त्यांना दुसरीत शिकवलेलं. तिच्यासमोर ते अजूनही हाताची घडी घालून उभे राहत.

"ह्या असं चालायचं नाय," ते म्हणाले. "झाकणवालं भांडं आना. घट्ट झाकण. बंद करायचं काम माझ्याकडं. बाईंना माकडाच्या हातात जाऊ देनार नाय मी."

म्हणून मी आणि सुमेधा त्याच दिवशी बाजारात भांड्यांच्या दुकानात गेलो. माझी दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. मला वाटलं, दुकानदार काय ते ओळखेल. पण हल्ली दाढी सगळेच वाढवतात. पितृपक्षात नवीन भांडी घ्यायला कोणी येत नाही, त्यामुळे त्याला आम्हाला बघून आनंदाचं भरतं आलं.

"तुमच्यासारखी सुशिक्षित माणसं पाहिजेत," तो म्हणाला. "पक्षबिक्ष काही नसतं. काय, वास्तुशांत?"

इथे एक पेच होता. मर्तिकाच्या वस्तूंचा भाव करत नाहीत, ही रीत. खरं सांगितलं तर तो सांगेल ती किंमत द्यावी लागणार, आणि आत्याला खर्च आवडणार नाही. खरं नाही सांगितलं तर भाव करता येईल, पण मग रीत मोडणार. मी या नैतिक प्रश्नावर विचार करत उभा होतो, तेवढ्यात सुमेधा म्हणाली, "घरचंच कार्य आहे. तो वरचा दाखवा."

वरचा म्हणजे तांब्याचा, ठोक्याचा, पोटाला गोल, मानेला निमुळता, झाकणावर एक छोटीशी कळी. नक्षी जवळजवळ नाहीच. हातोडीचे बारीक ठोके होते तेवढेच, आणि त्यावर उजेड असा काही पडत होता की मी चेहरा सांभाळायचं विसरलो. हा तिला आवडला असता. मी मागे वळून तिला विचारणारसुद्धा होतो.

त्यानंतर सुमेधाने भाव केला. मी पंचवीस वर्षं तिचा नवरा आहे, पण त्या दिवशी मला तिची भीती वाटली. तिने कलशात तीन दोष काढले, दोनदा दुकानाबाहेर पाऊल टाकलं आणि शेवटी पितृपक्षाची सूट, रोखीची सूट आणि वर एक चमचा घेतला. दुकानदार घाम पुसत म्हणाला, "नाव फुकटात घालून देतो, ताई. बसा."

कोपऱ्यात एक गृहस्थ छोटं मशीन घेऊन बसले होते. सुमेधाचा फोन वाजला म्हणून ती बाहेर गेली आणि मी एकटा त्यांच्यासमोर उरलो. त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं, कुमारी गोदावरी आठल्ये, रत्नागिरी. "कार्य काय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी "घरगुतीच आहे" असं काहीतरी पुटपुटलो. मशीन घर्रघर्र करू लागलं. मी आपला कळीकडे बघत होतो. कलश हातात आला तेव्हा त्यावर अत्यंत वळणदार अक्षरात कोरलेलं होतं: 'कु. गोदावरी आठल्ये, रत्नागिरी, यांजकडून सप्रेम भेट.'

"हे सप्रेम भेट कशाला?" मी विचारलं.

"घालावंच लागतं," ते म्हणाले. "नुसतं नाव बोडकं दिसतं."

"पुसता येईल?"

"तांब्यावरचं?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे इतक्या दयेने पाहिलं की मी आभार मानून उठलो. दुकानदार दारापर्यंत पोचवायला आला. "पुन्हा या," तो म्हणाला, "असंच काहीतरी घरात निघत राहो."

सुमेधाने रस्त्यात ती अक्षरं वाचली आणि ती हसायला लागली. पार लक्ष्मी चौकात उभी राहून हसली. मग आपण सुतकात आहोत हे आठवून तिने पदराने डोळे पुसले, आणि ते पाणी नक्की कशाने आलं होतं ते मला विचारवेना.

संध्याकाळी मयेकरांनी काम हातात घेतलं. अगोदर रिकाम्या कलशाची परीक्षा. झाकणाखाली त्यांनी रबराची चकती कापून बसवली, ती दोनदा घासली, तिसऱ्यांदा बदलली, आणि झाकण दाबून चिकटपट्टीने आवळलं. मग आमच्या घंगाळात पाणी भरलं आणि मला सांगितलं, "दाबून धरा. बुडबुडा येतो काय बगू."

मी कलश पाण्याखाली दाबला. तो सारखा वर उसळत होता. मी दोन्ही हात लावले. तरी तो वर येऊ बघत होता, म्हणून मी गुडघा टेकून अंगाचा भार घातला. बुडबुडा एकही आला नाही. मयेकरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "आता वरून दर्या जरी ओतला तरी थेंब आत जानार नाय," ते म्हणाले. इथे मी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना माझी मान खाली आहे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. वस्तू पाण्यात का तरंगते आणि का बुडते, हा धडा मी दर वर्षी घेतो. त्यासाठी मी वर्गात बादली नेतो.

झाडाखाली, गुरुजींना विचारून, मडक्यातल्या अस्थी कलशात घातल्या. मयेकरांनी झाकणाभोवती एम-सील मळून लावलं, बोटाला पाणी लावून गुळगुळीत केलं, आणि वाळल्यावर त्याला तांब्याचा रंगसुद्धा दिला. दुसऱ्या दिवशी माकड आलं. त्याने कलश फिरवून बघितला, झाकणाला दात लावून बघितले, आणि अपमानित होऊन शेजारच्यांच्या पपयांकडे गेलं. मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

दहाव्या दिवशी आम्ही संगमेश्वरला गेलो. नद्या मिळतात तिथे आत्याला सोडायचं, असं आमच्याकडे ठरलेलंच. पाऊस सरत आला होता, पण पाणी भरपूर होतं. गुरुजी दगडावर उभे, मी गुडघाभर पाण्यात, सुमेधा आणि मयेकर काठावर. गुरुजी कलश बघून म्हणाले, "वा, वस्तू छान आहे हो." मला बरं वाटलं. मग त्यांनी मंत्र म्हणायला सुरुवात केली आणि खूण केली. मी कलश पाण्यात सोडला.

तो खाली गेला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो पुन्हा वर आला होता, एकदा डुलला, ताठ उभा राहिला आणि कळी वर करून निघाला.

गुरुजींचा मंत्र थांबला. "हे काय?"

"तरंगतोय," मी म्हणालो.

"ते मलाही दिसतंय."

"बगितलंत?" मयेकर काठावरून ओरडले. "थेंब नाय आत!" आणि मग त्यांना अर्थ लागला.

पुढची पाच-दहा मिनिटं कशी गेली ते मला नीट सांगता येणार नाही. मी पाण्यातून धावायचा प्रयत्न केला. गुडघाभर पाण्यात धोतर नेसून धावता येत नाही. मी शेवाळावरून घसरून बसलो. मयेकरांनी कलश बुडवायला एक दगड उचलला, आणि मी बसल्या जागेवरून ओरडलो, "मयेकर, ती माझी आत्या आहे!" त्यांनी दगड खाली ठेवला आणि हाताची घडी घातली. कलश प्रवाहाच्या मध्यावर गेला, उन्हात चमकला आणि वळणाआड दिसेनासा झाला. इतका देखणा दिसत होता की काठावरच्या एका माणसाने त्याचा फोटो काढला.

"अर्पण झालं," गुरुजी म्हणाले. "पुढचं त्या बघतील." आणि त्यांनी पंचांग पिशवीत घातलं.

परतताना गाडीत सुमेधा म्हणाली, "तुम्ही हे शिकवता ना?" मी खिडकीबाहेर बघितलं. मला माझ्या अपमानाचं फारसं वाटत नव्हतं. वाटत होतं ते एवढंच की आत्याने एक काम सांगितलं होतं आणि ते अर्धंच झालं. भांडं मिळालं, पण ती कुठेच पोचली नाही. कुठल्यातरी झुडपाला अडकून बसली असेल.

तेरावा झाला. मी शाळेत रुजू झालो. आणि एका दुपारी मधल्या सुट्टीत माझ्या मोबाइलवर, आमच्या भागातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, कलशाचा फोटो आला. खाली लिहिलं होतं: 'हा कलश जयगड येथे खाडीत सापडला आहे. झाकण उघडत नाही. त्यावर कु. गोदावरी आठल्ये यांजकडून सप्रेम भेट असे आहे. ही भेट कोणाची हरवली असल्यास ओळख पटवून न्यावी. वैष्णवी.' आणि नंबर.

संगमेश्वरहून निघून शास्त्री नदी जयगडलाच समुद्राला मिळते. म्हणजे आत्या रस्ता चुकली नव्हती. फक्त शेवटच्या थांब्यावर तिला कोणीतरी उतरवून घेतलं होतं.

मी काही लिहायच्या आत ग्रुपवर बाकीचे लिहू लागले. 'किती सुंदर!' 'हल्ली असं काम बघायला मिळत नाही.' 'हा कुठे मिळाला? आमच्या शौनकच्या मुंजीत द्यायला हवा होता.' एक म्हणाले, 'बाई तर नुकत्याच गेल्या ना? भेट कोणाला दिली?' त्यावर आत्याच्या एका माजी विद्यार्थ्याने 'बाई जाता जाताही देतच राहिल्या' असा मोठा मजकूर टाकला, आणि त्याला बावीस जणांनी हात जोडले. अशा वेळी आत काय आहे हे सांगणं म्हणजे पंगतीत उलटी करण्यासारखं झालं असतं. मी नुसतं लिहिलं, 'आमचा आहे. येतो.'

गुरुजींना फोन केला. "विसर्जन झालं, तेरावा झाला," ते म्हणाले, "आता परत आलेल्याची सोय शास्त्रात नाही हो. तुम्हीच काय ते बघा."

रविवारी आम्ही तिघे जयगडला गेलो. मयेकर येतो म्हणाले. संगमेश्वरपासून ते आमच्या अंगणात फिरकले नव्हते. नळ गळतोय म्हणून निरोप पाठवला तरी आले नव्हते. आज पिशवीत अवजारं घेऊन मागच्या सीटवर ताठ बसले होते.

वैष्णवीचं घर खाडीजवळच होतं. तिच्या सासूबाईंनी, यमुनाबाईंनी, आम्हाला आत नेलं, आणि मी दारातच खिळलो. कलश देवघरात होता. गणपतीच्या शेजारी, घासूनपुसून लख्ख, त्याला हळदकुंकू, वर जास्वंदीचं फूल. समोर उदबत्ती. आम्ही ज्याला घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता तो इथे देवाच्या मांडीला मांडी लावून बसला होता.

"माझ्या निलेशच्या जाळ्यात आला," यमुनाबाई म्हणाल्या. "येवडं देखनं भांडं कोन टाकंल? बोटीतून कोनाच्या हातातून पडलं असंल. झाकन उगडंना, तवा म्हटलं, आत गंगा असनार. म्हनून देवाजवळ ठेवलं. रोज फूल घालते." मग त्यांनी विचारलं, "काय हाय हो आत?"

सुमेधा माझ्याकडे बघत होती. मयेकर जमिनीकडे बघत होते. मी बँकेतला चेहरा करून बघितला. तो जमेना.

"आत्या," मी म्हणालो. "माझी आत्या आहे आत."

यमुनाबाई खाली बसल्या. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार, घर शिंपडून घ्यावं लागणार, वैष्णवी हा सगळा प्रकार ग्रुपवर टाकणार. मी हात जोडून माकडापासून सगळं सांगितलं. सांगताना मध्येच मला कळलं की वैष्णवी तोंडाला पदर लावून हसते आहे. यमुनाबाई हसल्या नाहीत.

"कशानं गेल्या?" त्यांनी विचारलं.

"वयानंच."

"पोरंबाळं?"

"मीच."

त्या थोडा वेळ कलशाकडे बघत राहिल्या. "फुलं घातली ती त्यांना पावली म्हनायची," त्या म्हणाल्या. "माजं काय वाकडं झालं नाय. पन आता तिला पुना गाडीत घालून वनवन करू नका. पार दाराशी येऊन ऱ्हायलीय. हितंच सोडा. निलेश नेईल तुमाला. आनि च्या घेतल्याबिगर जायचं नाय."

चहा झाला. मयेकर पिशवी उघडून एम-सीलशी झटत होते. छिन्नी लावली, पकड लावली, तापवून बघितलं. झाकण हललं नाही. शेवटी ते म्हणाले, "माझ्याच हातचं हाय ओ. नाय निघायचं. तळाला भोक पाडायला लागंल."

निलेशने आम्हाला होडीतून खाडीच्या तोंडाशी नेलं. यमुनाबाईसुद्धा आल्या. समोर समुद्र उघडा होता, मागे बंदराच्या क्रेन दिसत होत्या. निलेशने मशीन बंद केलं. मयेकरांनी कलश मांडीवर उलटा घेतला, मोठा खिळा तळावर टेकवला, हातोडी उचलली आणि ती तशीच धरून बसले.

"नाय जमत," ते म्हणाले. "सारं आयुष्य भोकं बुजवली ओ मी."

मी हातोडी घेतली. पहिला घाव घालताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण तळसुद्धा सुंदर होता. तीन-चार भोकं पाडली. मग होडीच्या कडेला वाकून कलश दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला आणि सोडला.

आता तो बुडू लागला. हळूहळू, सरळ, न डुलता. ज्याने बुडावं म्हणून मी नदीत लोळलो होतो, तो अगदी व्यवस्थित बुडत होता. पोट खाली गेलं, अक्षरं खाली गेली, पाणी मानेपर्यंत आलं, आणि माझे हात आपोआप पुढे गेले आणि मी तो पकडला.

मी कोपरापर्यंत पाण्यात हात घालून त्याला धरून राहिलो. आत पाणी शिरत होतं ते हाताला कळत होतं. तो भरत चालला होता. मला तो वर घ्यायचा नव्हता आणि सोडताही येत नव्हता. सुमेधाने माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मी बोटं उघडली.

"गेल्या बाई," मयेकर म्हणाले.

हे वाक्य इतक्या दिवसांत कितीतरी लोकांनी मला ऐकवलं होतं, आणि प्रत्येकाला मी भांड्याबद्दल काहीतरी सांगत बसलो होतो. या वेळी मी "हो" म्हटलं, आणि मला रडू आलं.